शेवटच्या साखरेचा वाद

बिअर आंबून तयार झाली की ती जवळजवळ सपाट असते. तिच्यात थोडी साखर विरघळवायची, बाटल्या भरायच्या, टोपणे घट्ट दाबून बसवायची. बिअरमध्ये तरंगत राहिलेले यीस्ट ती साखर खाते आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसल्याने तो द्रवातच विरघळतो. दोन-तीन आठवड्यांनी टोपण उघडले की फेस. या शेवटच्या साखरेला घरी बिअर करणारे प्रायमिंग शुगर म्हणतात. लिटरमागे ती जेमतेम सहा ग्रॅम लागते. पण या सहा ग्रॅमवर जितका वाद झाला आहे तितका त्याआधीच्या किलोभर माल्टवरही झाला नसेल. कुणी मक्यापासून केलेल्या डेक्स्ट्रोजशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही, कुणाला घरच्या डब्यातली साखर पुरते, कुणी माल्ट एक्स्ट्रॅक्टचा आग्रह धरतो. मध, बेल्जियन कँडी आणि अलीकडे गूळ यांनाही आपापले कैवारी आहेत.

हा छंद मुख्यतः ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीतला. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे घरगुती बिअर इथे कायद्याच्या बाहेरच आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांमधून मात्र गूळ-काकवीचे प्रश्न या चर्चेत येऊ लागले आहेत. वादाच्या बाजू कोणत्या, त्यांतले काय निकालात निघाले आणि काय अजून लोंबकळते आहे, ते इथे क्रमाने पाहू.

मागचा इतिहास

बाटलीबंद बिअरच्या जन्माची इंग्रजांकडे एक दंतकथा आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन अलेक्झांडर नॉवेल सोळाव्या शतकात मासे धरायला नदीवर गेले, बिअरची बाटली गवतात विसरले, आणि काही दिवसांनी ती उघडली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. गोष्ट लिहून ठेवली टॉमस फुलरने, १६६२ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात. ती खरी असो नसो, तीत साखर कुठेच नाही. पुरती न आंबलेली बिअर बाटलीत गेली आणि उरलेले आंबणे तिथे झाले, एवढाच तिचा अर्थ. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

त्याच १६६२ च्या डिसेंबरात क्रिस्टोफर मेरेट याने रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. वाइन फसफसती व्हावी म्हणून इंग्लंडमधले लोक तिच्यात साखर आणि मळी घालतात, अशी नोंद त्यात आहे. मुद्दाम साखर घालून फेस आणण्याच्या जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक. प्रमाण मात्र अंदाजपंचेच होते आणि त्याची किंमत शँपेन प्रांताने मोजली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या तळघरांत बाटल्या इतक्या फुटत की कामगार लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जात. शालाँ गावचा औषधविक्रेता झाँ-बातिस्त फ्रान्स्वा याने १८३० च्या दशकात यावर उपाय सुचवला. वाइनमध्ये आधीच किती साखर उरली आहे ते मोजा, आणि मगच वरून किती घालायची ते ठरवा. आज शँपेनला लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर घालतात आणि त्यातून सुमारे ६ वातावरणांचा दाब मिळतो. म्हणजे एका वातावरणाला ४ ग्रॅम.

बिअरच्या बाबतीत देशोदेशी वेगळ्या वाटा पडल्या, त्या बऱ्याच अंशी करांच्या आणि कायद्यांच्या. ब्रिटनमध्ये १८४७ पासून बिअर करताना साखर वापरायला परवानगी मिळाली आणि पिंपात साखरेचा पाक सोडण्याची पद्धत रुळली. बव्हेरियात १५१६ च्या फर्मानात फक्त जव, हॉप्स आणि पाणी. तिथे साखर घालायची सोयच नव्हती. म्हणून न आंबलेला किंवा नुकताच आंबू लागलेला वर्ट, म्हणजे ज्याची बिअर होते तो माल्टचा गोड रस, बाजूला काढून ठेवायचा आणि बाटली भरताना तोच मिसळायचा, असा मार्ग निघाला. बेल्जियमला असली बंधने नव्हती. तिथे साखर हा बिअरचा सन्मान्य घटक झाला, बाटलीतसुद्धा.

घरगुती बिअरला ब्रिटनमध्ये १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी परवान्याच्या कटकटीतून सोडवले. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने ती मोकळी झाली. दोन देशांत दोन सवयी लागल्या. ब्रिटिश घरांत बाटलीमागे अर्धा चमचा साखर. अमेरिकेत मात्र मक्याची साखर स्वस्त आणि मुबलक, त्यामुळे पाच गॅलनला पाऊण कप डेक्स्ट्रोज. चार्ली पपाझियन यांच्या १९८४ च्या पुस्तकाने हे पाऊण कपाचे माप घराघरांत नेले. आजच्या वादातली अर्धी तेढ या दोन सवयींची आहे, असे मला वाटते.

हिशेब

वाद समजायचा तर आधी रसायन पाहावे लागते, आणि ते सुदैवाने सोपे आहे. बिअरमधला वायू ‘व्हॉल्यूम’ या एककात मोजतात. एका लिटर बिअरमध्ये शून्य अंश तापमानाला आणि एका वातावरणाच्या दाबाला एक लिटर जागा व्यापेल एवढा वायू विरघळलेला असेल तर तो एक व्हॉल्यूम, वजनात १.९६ ग्रॅम. इंग्लिश बिटर दीड ते दोन व्हॉल्यूमवर भागते, अमेरिकी पेल एलला सव्वादोन ते पावणेतीन लागतात, बव्हेरियाची गव्हाची बिअर सव्वातीनपासून साडेचारपर्यंत जाते.

पूर्ण आंबलेल्या साध्या साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, एका ग्रॅममधून ०.५१ ग्रॅम वायू मिळतो. निर्जल ग्लुकोजमधून ०.४९. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, पण दुकानात मिळणारे बहुधा निर्जल नसते. त्याच्या स्फटिकात वजनाच्या नऊ टक्के पाणी अडकलेले असते, म्हणून त्यातून ०.४४ ग्रॅमच मिळतो. म्हणजे १०० ग्रॅम डेक्स्ट्रोजचे काम ८६ ग्रॅम साखर करते. हा फरक पाकिटावर ठळक लिहिलेला नसतो आणि तो न धरल्याने बिअर एक तर मवाळ राहते, नाही तर उसळते.

एक उदाहरण घेऊ. वीस अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये आंबण्यातूनच सुमारे ०.८६ व्हॉल्यूम वायू उरलेला असतो. आपल्याला २.४ हवे. फरक १.५४ व्हॉल्यूम, म्हणजे लिटरमागे ३ ग्रॅम वायू. त्यासाठी साखर ५.९ ग्रॅम किंवा डेक्स्ट्रोज ६.८ ग्रॅम. पाच अमेरिकी गॅलन म्हणजे १९ लिटरच्या घाण्याला साखर ११२ ग्रॅम, डेक्स्ट्रोज १३० ग्रॅम. जाता जाता बिअरचे मद्यार्क-प्रमाणही साधारण ०.४ टक्क्याने वाढते. एवढ्या हिशेबावर कुणाचे दुमत नाही. दुमत सुरू होते ते यानंतर.

डेक्स्ट्रोज की डब्यातली साखर

डेक्स्ट्रोजच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. पहिला, यीस्ट ग्लुकोज थेट खाते; सुक्रोजचे आधी दोन तुकडे करावे लागतात आणि दमलेल्या यीस्टवर हा जादा भार पडतो. दुसरा, साध्या साखरेने बिअरला सफरचंदाच्या आंबलेल्या रसासारखी चव येते.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, वजन नाही. सुक्रोज फोडणारे इन्व्हर्टेज हे विकर यीस्ट पेशीच्या भिंतीलगत, आतल्या पटलाच्या बाहेर, सोडत असते. ते काम झपाट्याने होते. उतारवयातल्या यीस्टला खरी अडचण असते ती मद्यार्काची, थंडीची आणि संख्येची. नऊ-दहा टक्क्यांची बिअर सहा महिने मुरवली असेल तर ग्लुकोज घातले म्हणून ती फसफसणार नाही. तिला ताजे यीस्ट हवे. काही जण साखर लिंबाच्या रसात उकळून ती आधीच फोडून घेतात. घरच्या शेगडीवर ते अर्धवटच होते आणि त्याची गरजही नसते. पाक उकळायचा तो जंतू मारण्यासाठी आणि पाण्यातला ऑक्सिजन घालवण्यासाठी.

दुसऱ्या मुद्द्याचे मूळ ब्रिटनच्या डबाबंद किटांमध्ये आहे. माल्ट सिरपचा एक डबा, त्यात किलोभर साखर, सोबत जुनाट यीस्टची पुडी आणि उन्हाळ्यातली गरम खोली. अशी बिअर पातळ आणि आंबूस निघाली तर नवल नाही, आणि दोष साखरेच्या नावावर जमा झाला. पण तिथे आंबवायच्या एकूण ऐवजातली निम्मी साखर होती. बाटलीतली साखर त्या ऐवजाच्या पाच-सहा टक्के. एवढ्या प्रमाणात दोन साखरांमधला फरक जिभेला कळतो, असे म्हणायला भक्कम आधार मला दिसत नाही. डेक्स्ट्रोजवाल्यांची सवय वाईट नाही, ती फक्त थोडी महाग आहे. आणि औषधांच्या दुकानातल्या ग्लुकोजच्या पुड्या त्याला पर्याय म्हणून घेऊ नयेत. त्यांत कधी जीवनसत्त्वे तर कधी कॅल्शियमचे क्षार मिसळलेले असतात.

याच वादाची एक पोटशाखा उसाची साखर की बिटाची, अशी आहे. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियमच्या साखरेत बीट बरेच, आपल्याकडची सगळी उसाची. शुद्ध केल्यावर दोन्ही सुक्रोजच, यीस्टला त्यांचे कूळ कळत नाही. भारतीय साखरेबाबत गंधकाची शंका काढली जाते, कारण आपले बहुतेक कारखाने रस निवळायला गंधकाचा धूर वापरतात. पण किलोला ७० मिलिग्रॅम गंधक डायऑक्साइड धरला तरी सहा ग्रॅम साखरेतून लिटरला अर्धा मिलिग्रॅमही पोचत नाही. यीस्ट स्वतःच त्याहून जास्त तयार करते. पिठीसाखर मात्र टाळावी; तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा मक्याचे पीठ असते.

माल्टचा आग्रह

माल्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा राखून ठेवलेला वर्ट यांच्या बाजूने बोलणारे दोन प्रकारचे. काहींसाठी हा तत्त्वाचा भाग आहे: बिअर माल्टची, तर तिचा फेसही माल्टचाच असावा. जर्मन परंपरेत वाढलेल्याला हे पटवून द्यावे लागत नाही, आणि तत्त्वाशी हिशेबाने वाद घालण्यात अर्थही नसतो. दुसरे लोक चवीचा दावा करतात. माल्टने आलेले बुडबुडे बारीक असतात, फेस मलईसारखा दाट बसतो, असे ते सांगतात.

वायू कुठल्याही साखरेतून निघाला तरी रेणू तोच. फेसाची घडण ठरते ती माल्टमधल्या काही प्रथिनांवर, हॉप्सच्या कडू आम्लांवर, ग्लासाच्या स्वच्छतेवर आणि वायूच्या एकूण प्रमाणावर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले निवृत्त प्राध्यापक चार्ल्स बॅमफर्थ यांनी आयुष्यभर बिअरच्या फेसाचा अभ्यास केला. त्या अभ्यासातून निघणारे चित्र हेच आहे. एक्स्ट्रॅक्टच्या दहा ग्रॅममधून येणारे प्रथिन आधीच बिअरमध्ये असलेल्या प्रथिनापुढे नगण्य. तरीही अनेक अनुभवी माणसे फरक जाणवतो असे ठामपणे म्हणतात, आणि त्यांना सरळ खोटे ठरवणे मला प्रशस्त वाटत नाही. माल्टने भरलेल्या बाटल्या बहुधा जास्त मुरतात आणि कमी वायूच्या निघतात. कमी वायूची, महिनाभर जास्त मुरलेली बिअर खरोखरच मऊ लागते. परिणाम खरा असेल, कारण वेगळे.

कमी वायू का, तर माल्ट पूर्ण आंबत नाही. त्यातल्या डेक्स्ट्रिनला यीस्ट शिवत नाही आणि आंबणारा भाग कंपनीगणिक बदलतो. त्यामुळे आपल्या उदाहरणात कोरडे एक्स्ट्रॅक्ट साडेआठ ग्रॅम लागेल की दहा, हे पाकिटावरून कळत नाही. वर्टचा हिशेब उलट बराच नेमका करता येतो, कारण त्याची घनता आणि तीच बिअर किती खाली उतरली, हे दोन्ही आकडे हाताशी असतात. बारा अंश प्लेटोचा, म्हणजे वजनाने बारा टक्के अर्काचा, वर्ट असेल तर लिटरमागे पाऊणशे-ऐंशी मिलिलिटर. गव्हाच्या बिअरसाठी सव्वाशेच्या पुढे. फक्त तो आठवडा-दोन आठवडे जंतुविरहित राखायचा म्हणजे घरच्या फ्रीझरमध्ये जागा हवी आणि घरच्यांची संमतीही.

मध, कँडी, गूळ

या गटातले लोक वायूबरोबर थोडी चवही मागतात. लिटरमागे आठ ग्रॅम मधातून सुगंध किती उरेल हा वादाचा मुद्दा आहे. मधातल्या साखरा यीस्ट जवळपास पूर्ण खाऊन टाकते आणि उडून जाणारे सुगंधी घटक मध उकळतानाच कमी होतात. न उकळावा तर जंतूंची भीती. हलक्या रंगाच्या, कमी हॉप्सच्या बिअरमध्ये काहींना तो ओळखू येतो. काळ्या स्टाउटमध्ये तो कुणाला कळत असेल, यावर माझा विश्वास नाही. मधात पाणी १७ ते २० टक्के, त्यामुळे साखरेइतक्याच वजनाने घातला तर बिअर मवाळ राहते, ही नेहमीची चूक.

बेल्जियन कँडीबद्दल गैरसमज अधिक आहे. आयात केलेले पांढरे कँडीचे खडे म्हणजे स्फटिक झालेली साखर, आपली खडीसाखर. वायूच्या दृष्टीने तिच्यात आणि डब्यातल्या साखरेत काही फरक नाही. बेल्जियन मठांच्या काळपट बिअरला चव येते ती करपवलेल्या गडद सिरपातून, आणि ते मुख्यतः उकळीच्या वेळी घालतात. ऑर्व्हालच्या मठात बाटली भरताना कँडी साखर वापरतात हे खरे. पण त्या बिअरचा स्वभाव बाटलीत सोबत जाणाऱ्या ब्रेटानोमायसिस यीस्टमुळे घडतो, तिचे श्रेय साखरेला देता येत नाही.

गुळाचा प्रश्न जास्त रंजक आहे, कारण गूळ ही एक वस्तू नव्हेच. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीत रस आटताना भेंडीचा चिकट रस आणि चुना घालून वर येणारा मळ काढतात. किती आटवायचा ते गुळव्या हाताच्या अंदाजाने ठरवतो. रंग उजळ यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉसही टाकतात, म्हणजे पुन्हा गंधक. तयार ढेपेत सुक्रोज ६५ ते ८५ टक्के, फोडलेल्या साखरा दहा-पंधरा टक्के, बाकी पाणी, क्षार आणि न विरघळणारा कचरा. पावसाळ्यात ढेप पाझरते आणि हे आकडे आणखी सरकतात. आपल्या उदाहरणासाठी चांगला कोरडा गूळ लिटरमागे साडेसहा ग्रॅम लागेल. ओला, हलका असेल तर पावणेआठपर्यंत. गुळाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे असे की त्यातले खनिज आणि खमंग अंश यीस्ट खात नाही, म्हणून साखरेपेक्षा गूळ चव मागे ठेवतो. तपकिरी बिअर आणि पोर्टरमध्ये हे पटण्यासारखे आहे. विरोधकांचा आक्षेप गाळाबद्दल आणि प्रमाणाच्या बेभरवशाबद्दल आहे, आणि तोही खोटा नाही. पाक उकळून दाट कापडातून गाळला तर पहिला आक्षेप बराचसा मिटतो. दुसरा उरतो. काकवीत पाणी आणखी जास्त आणि बदलते, आणि मळी तर बाटलीसाठी नकोच. तिच्यातला न आंबणारा भाग मोठा आणि चव उग्र.

लॅक्टोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन या साखरा नेहमीचे यीस्ट खात नाही, तेव्हा त्यांचा इथे उपयोग नाही. तरी दुकानात त्या डेक्स्ट्रोजशेजारीच मांडलेल्या असतात आणि नवशिके फसतात.

चमचा, काटा, गोळी

साखर कोणती, यापेक्षा ती कशी घालायची यावर एकमत जास्त आहे. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकणे ही जुनी ब्रिटिश रीत सोपी आहे, पण ३३० मिलिलिटरच्या बाटलीला लागतात दोन ग्रॅम. अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला की ०.४ व्हॉल्यूमचा फरक पडतो, म्हणजे एकाच घाण्यातली एक बाटली इंग्लिश आणि दुसरी अमेरिकी. पपाझियन यांच्या पाऊण कपाचीही गत तीच. डेक्स्ट्रोज भुसभुशीत असते, ठोकून भरले की त्याच कपात कितीतरी जास्त मावते. वजनाच्या काट्यावर सगळ्या घाण्याची साखर मोजायची, पाक करून रिकाम्या भांड्याच्या तळाशी ओतायचा आणि वरून बिअर हलकेच सोडायची, ही पद्धत आता बहुतेक जण मान्य करतात. पाक जड असल्याने तळाशी बसतो. तो सावकाश ढवळावा लागतो, आणि ढवळताना हवा मिसळली तर बिअर लवकर शिळी होते. या कात्रीवर ज्याचा त्याचा उपाय वेगळा.

ॲडलेडच्या कूपर्स कंपनीच्या साखरेच्या गोळ्यांनी ही कात्री टाळली: ३७५ मिलिलिटरच्या बाटलीला एक, ७५० ला दोन. पण ५०० च्या बाटलीचे काय? आणि बिटरसाठी अर्धी गोळी कशी फोडायची? सोय मिळाली, निवड गेली.

साखरेच्या आधी बिअरमध्ये काय होते

शालाँच्या फ्रान्स्वाने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न बिअरवाल्यांनी फार उशिरा विचारला. वरून घातलेली साखर आपण ग्रॅमात मोजतो. आधीपासून असलेला वायू आणि आधीपासून उरलेली साखर मात्र गृहीत धरतो. अनुत्तरित मुद्दे बहुतेक इथे साठले आहेत.

पहिला मुद्दा तापमानाचा. वीस अंशांवर बिअरमध्ये ०.८६ व्हॉल्यूम वायू राहतो, तीस अंशांवर ०.६६ च्या आसपास. म्हणजे गरम खोलीत आंबलेल्या बिअरला लिटरमागे पाऊण ग्रॅमभर जास्त साखर लागते. पण आता घरोघरी बिअर आंबल्यावर फ्रिजमध्ये दोन अंशांवर बसवतात, गाळ खाली जावा म्हणून. मग साखरेचे प्रमाण काढून देणाऱ्या गणकयंत्राला कोणते तापमान द्यायचे? दोन अंश सांगितले तर ते १.६ व्हॉल्यूम आधीच आहेत असे धरून फक्त तीन ग्रॅम साखर सांगेल, आणि बिअर निघेल १.६६ व्हॉल्यूमची, मवाळ. बहुसंख्य जाणकार म्हणतात की आंबणे थांबल्यानंतर बिअर जास्तीत जास्त जितकी गरम झाली ते तापमान धरा, कारण निसटलेला वायू थंडीने परत येत नाही. दुसरी बाजू सांगते की बंद भांड्यात वरच्या मोकळ्या जागेतला वायू थंड होताना थोडा परत विरघळतो, शिवाय नुकत्याच आंबलेल्या बिअरमध्ये तो वरच्या आकड्यांहून जास्तच असतो. दोन्ही खरे आहे. किती परत येतो ते भांड्याच्या आकारावर आणि दिवसांवर अवलंबून, आणि घरी ते मोजायला सोपे साधन नाही.

दुसरा मुद्दा उरलेल्या साखरेचा. हायड्रोमीटरवरचा एक हजारांश घनता-बिंदू बाटलीत उतरला तर ढोबळ हिशेबाने अर्धा व्हॉल्यूम वायू वाढतो. चार बिंदू आधीच भरण्याची घाई केली की दोन व्हॉल्यूम जादा. साखर कुठलीही घातलेली असो. नॉवेलची बाटली अशीच उडाली असणार. पूर्वी यावर उत्तर सोपे होते: तीन दिवस आकडा हलला नाही की भरा. आता ते पुरेसे नाही, याची दोन कारणे. सॅकरोमायसिस डायास्टॅटिकस नावाने ओळखले जाणारे यीस्ट डेक्स्ट्रिनही हळूहळू फोडते. सेझों शैलीच्या काही लोकप्रिय यीस्टमध्ये ही क्षमता असते आणि बाटलीत महिनोन्‌महिने तिचे काम चालू राहू शकते. आणि थंड बिअरमध्ये भरपूर हॉप्स भिजवले की हॉप्समधली विकरे डेक्स्ट्रिनचे आंबणाऱ्या साखरेत रूपांतर करतात. होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी हे १८९३ साली लिहून ठेवले होते. नंतर ते मागे पडले. हॉप्सने गच्च भरलेल्या आयपीए शैलीच्या बिअरची लाट आली तेव्हा ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधनाने ते पुन्हा पुढे आणले. हॉप्सची जात, मात्रा, तापमान आणि मुदत यांवरून किती जादा साखर सुटेल हे घरबसल्या आधी सांगणे अजून जमलेले नाही. काही जण सावधगिरी म्हणून अशा बिअरला अर्धा ग्रॅम साखर कमी घालतात. हा अनुभवाचा तोडगा आहे, हिशेबाचा नव्हे.

उसळणारी प्रत्येक बाटली साखरेमुळेच उसळते असेही नाही. रानटी यीस्टचा संसर्ग, बुरशी लागलेले जव, कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक, यांनीही फेस बाहेर येतो. नेहमीच्या तक्रारींत हे वेगळे काढले जात नाही, त्यामुळे एखाद्या साखरेची बदनामी होते आणि उसळण्याशी तिचा संबंधही नसतो.

तिसरा मुद्दा बाटल्या ठेवण्याच्या जागेचा. अडीच व्हॉल्यूमच्या बिअरचा दाब वीस अंशांवर बाहेरच्या हवेपेक्षा दोन वातावरणांहून थोडा कमी असतो. चाळीस अंशांवर तो जवळपास दुप्पट होतो. विदर्भातल्या मे महिन्याची ज्याला कल्पना आहे त्याला वेगळे सांगायला नको, आणि ॲडलेड किंवा टेक्सासमधले गॅरेज उन्हाळ्यात त्याहून थंड नसते. नेहमीच्या तपकिरी बाटलीसाठी तीन व्हॉल्यूमची मर्यादा सांगितली जाते, ती थंड खोली धरून. गव्हाच्या बिअरला जाड काचेच्या बाटल्याच हव्यात. पुन्हा वापरलेल्या बाटलीला आधी बसलेला टवका दिसत नाही, आणि तिची ताकद किती घटली हे फुटल्याशिवाय समजत नाही. म्हणून पुष्कळ जण प्रत्येक घाण्यातली एक बाटली सोड्याच्या प्लॅस्टिकची भरतात. बोटाने दाबून पाहायची. दगडासारखी घट्ट झाली की बाकीच्या लगेच फ्रिजमध्ये.

चवीच्या प्रश्नावर मात्र पुरावा अजून पातळ आहे. एकच बिअर, चार साखरा, प्रत्येकीचा वायू मोजून सारखा केलेला, आणि चाखणाऱ्याला तीन ग्लासांतला वेगळा ओळखायला सांगायचे, असा प्रयोग करायचा तर आधी वायू सारखा आणता यायला हवा. माल्ट, मध, गूळ यांच्या बाबतीत तीच तर अडचण आहे. गुळापुरती तिच्यावर एक वाट आहे, थोडी कंटाळवाणी: ज्या ढेपेचा गूळ बाटलीत जाणार त्यातलाच ठरावीक वजनाचा तुकडा पाण्यात विरघळवायचा, घनता मोजायची, चिमूटभर यीस्ट आणि त्याचे खाद्य घालून गरम जागी आठवडाभर ठेवायचा आणि पुन्हा मोजायची. शेजारी तेवढीच साखर तशीच आंबवायची. दोन्हींच्या उताराचे गुणोत्तर हाच त्या ढेपेचा आकडा. पुढची ढेप आणली की तो पुन्हा काढावा लागतो.